फुग्यांचे बळ, माणसाचे वजन

विद्यालयाची वाटचाल, देणगीदारांची नामावली आणि गुणवंतांचा गौरव यांच्या पंक्तीत फुग्यांवरचा एक लेख पाहून स्मरणिकेच्या वाचकांस नवल वाटेल. संपादक मंडळासही प्रथम वाटले होते. परंतु वसतिगृहातील मुले-मुली गेली काही वर्षे जे प्रश्न आम्हांस पुनःपुन्हा विचारतात, त्यांत हा एक आहे : पुष्कळ फुगे अंगाला बांधले तर माणूस उडेल का? ‘अप’ नावाच्या २००९ सालच्या चित्रपटात एक वृद्ध गृहस्थ हजारो फुग्यांच्या जोरावर आपले राहते घरच उचलून नेतो. तो चित्रपट एका रविवारी मुलांना दाखविला आणि त्या दिवसापासून या प्रश्नाने वर्गात ठाणच मांडले. आम्ही इतिहासाचे शिक्षक, प्रश्न विज्ञानाचा. म्हणून पुढील मजकुरातील आकडेमोड विज्ञानाच्या सहकाऱ्यांकडून तपासून घेतली आहे. इतिहासाची जबाबदारी आमची.

उत्तर आधी सांगतो. माणूस उडतो. जगात मोजकी का होईना, अशी माणसे आहेत की जी हेलियम वायूने भरलेल्या फुग्यांच्या घोसाखाली स्वतःला बांधून घेऊन छंद म्हणून आकाशात विहार करतात. आपल्या जळगावकडील वाचकांनी केळीचा घड उलटा करून डोळ्यांसमोर आणावा : वर फुग्यांच्या फण्या, एकीवर एक रचलेल्या, आणि खाली दांड्याच्या जागी दोरांना लटकलेली खुर्ची किंवा पट्ट्यांची बैठक. बैठकीच्या आजूबाजूला पाण्याच्या पिशव्या आणि हाताशी एक धारदार सुरी. वर जायचे असेल तर पाणी सोडायचे, खाली यायचे असेल तर फुगा फोडायचा किंवा त्याची दोरी कापायची. सुकाणू नाही, यंत्र नाही. वारा नेईल तिकडे जायचे.

हे घडते कशामुळे? पाण्यात बुडविलेली रिकामी घागर वर उसळते, त्याच कारणामुळे. आपण सारे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. जमिनीलगतच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. तेवढ्याच हेलियमचे जेमतेम १७० ग्रॅम. या दोहोंतील फरक, म्हणजे ढोबळमानाने एक किलो, हे एक घनमीटर हेलियमचे उचलण्याचे बळ. एवढा एक आकडा हाती आला की बाकीचे गणित आठवीच्या मुलासही मांडता येते, आणि आमच्या मुलांनी ते फळ्यावर मांडलेही. वाढदिवसाला आणतात तो एक फूट व्यासाचा फुगा घेतला तर त्यात सुमारे १४ लिटर वायू मावतो. बळ झाले १४ ग्रॅम. त्यातून रबराचे आणि दोऱ्याचे वजन वजा केले की उरतात दहाच्या आसपास. बैठक, दोर आणि माणूस मिळून साठ किलो धरले तर फुगे हवेत सहा हजार.

वर्ग खूश झाला, कारण सहा हजार ही काही अशक्य संख्या नव्हे. तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, एक फुगा भरून गाठ मारायला किती वेळ लागतो?” अर्धा मिनिट धरला. सहा हजार फुग्यांना पन्नास तास लागतात! आणि साध्या रबरी फुग्यातून हेलियम इतका झिरपतो की दिवसभरात फुगा मलूल होऊन खाली बसतो. म्हणजे शेवटच्या फुग्याला गाठ बसेपर्यंत पहिल्या दिवसाचे सारे फुगे जमिनीवर लोळत असणार. त्या मुलीचा प्रश्न आम्हांस त्या तासातील सर्वांत मोलाचा वाटला.

यावरचा मार्ग म्हणजे लहान फुगे सोडून मोठे घेणे. व्यास दुप्पट केला की आत मावणारा वायू आठपट होतो, हे भूमितीचे देणे आहे. दोन मीटर व्यासाच्या एका हवामान-फुग्यात चार घनमीटरांहून थोडा अधिक वायू मावतो. रबराचे वजन जाऊनही तो साडेतीन किलोच्या आसपास ओझे उचलतो. तीस-चाळीस असे फुगे असले की माणूस, बैठक, पाणी, सारे वर जाते. मात्र त्यासाठी शंभराहून अधिक घनमीटर हेलियम लागतो. एका मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण सात घनमीटर असतो आणि त्या एकाची किंमतच कित्येक हजार रुपये. आपल्या देशाला लागणारा हेलियम जवळजवळ सगळा बाहेरून येतो. अमेरिका आणि कतार येथील नैसर्गिक वायूतून तो वेगळा काढतात. पश्चिम बंगालमधील बक्रेश्वरच्या गरम झऱ्यांच्या वायूत तो आढळतो खरा, पण त्यावर देशाची गरज भागत नाही. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांनाही हाच वायू लागतो. तेव्हा हा छंद गरिबाचा नव्हे, हे येथेच स्पष्ट व्हावे.

हेलियमचे नाव निघाले की महाराष्ट्रात विजयदुर्गाची गोष्ट निघतेच, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस तेथे थोडे थांबणे भाग आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील या किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दगडी चौथरे दाखवितात. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच ओट्यांवर दुर्बीण ठेवून हेलियमचा शोध लावला, असे सांगतात. त्या तारखेला तेथे समारंभही होतो. १८६८ च्या ग्रहणाची सावली भारतावरून गेली, हे खरे. त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रातील गुंटूर येथे होता. सूर्याच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांच्या प्रकाशात त्याला इतक्या ठळक रेषा दिसल्या की, ग्रहण सुटल्यावरही त्या पाहता येतील हे त्याने ओळखले आणि दुसऱ्या दिवशी पाहून दाखविल्या. मछलीपट्टणम येथे पॉगसनने एका पिवळ्या रेषेची नोंद केली. लॉकियर मात्र त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. त्याने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, कोणतेही ग्रहण नसताना, तिकडूनच त्या ज्वालांच्या रेषा पाहिल्या. पुढे त्या पिवळ्या रेषेचा मेळ पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात द्रव्याशी बसेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या द्रव्यास हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर तो हाती लागला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से याला, एका खनिजात.

मग ओटे खोटे का? खोटे नव्हेत. लॉकियर विजयदुर्गास आला होता, पण तीस वर्षांनी : २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मोठा सरंजाम आणि नौदलाची मदत घेऊन. (त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले होते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात यावी असे आम्हांस फार वाटते.) लोकस्मृतीत दोन ग्रहणांची एक गोष्ट झाली, असे आमचे मत आहे. असे घडणे स्वाभाविक आहे. पण विद्यार्थ्यांना सांगताना सनावळी सोडवून सांगावी. विजयदुर्गाचे महत्त्व त्याने रतीभरही कमी होत नाही.

आता मूळ विषयाकडे. फुग्यांच्या घोसाखाली बसून वर जाण्याची कल्पना प्रथम छांदिष्टांनी नव्हे, शास्त्रज्ञांनी वापरली. १८ जुलै १९३७ रोजी ज्याँ पिकार्ड या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील रॉचेस्टर गावाहून शंभराच्या आसपास रबरी फुग्यांखाली उड्डाण केले. १९५९ मध्ये फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ ओदुआँ दोल्फ्यूस अशाच घोसाखाली, बंद कुपीत बसून, दुर्बिणीसह सुमारे चौदा किलोमीटर उंचीवर गेला. आपल्याकडे होमी भाभा आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी विश्वकिरणांचा अभ्यास करू लागले, तेव्हा आरंभी त्यांनीही हवामान खात्याच्या धर्तीचे रबरी फुगे एकत्र बांधूनच उपकरणे वर धाडली. माणूस नव्हे, उपकरणे. पुढे संस्थेने प्लास्टिकचे प्रचंड फुगे स्वतः बनविण्यास आरंभ केला आणि १९६९ मध्ये हैदराबादला कायमचे उड्डाण-केंद्र उभे राहिले. याच केंद्रातून २० एप्रिल २००५ रोजी सोडलेल्या फुग्याने वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या; त्यांच्या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा वाटा होता. त्यांतील एका जातीला आर्यभटाचे नाव आहे.

छंद म्हणून या प्रकाराची कीर्ती झाली ती लॅरी वॉल्टर्स या ट्रकचालकामुळे. २ जुलै १९८२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन पेद्रो येथे त्याने अंगणात ठेवायच्या एका खुर्चीला बेचाळीस हवामान-फुगे बांधले. त्याला लहानपणापासून वैमानिक व्हायचे होते. दृष्टी अधू म्हणून हवाई दलाने घेतले नव्हते. अंगणावर थोडे तरंगावे आणि छर्ऱ्यांच्या बंदुकीने फुगे फोडत अलगद उतरावे, असा त्याचा बेत. बांधून ठेवणारा दोर तुटला आणि खुर्ची सुसाट निघाली ती सोळा हजार फुटांवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ तिप्पट उंची. तेथील थंडीने आणि विरळ हवेने तो गारठला. जाणाऱ्या विमानांच्या वैमानिकांनी खुर्चीत बसलेला माणूस पाहिल्याचे खाली कळविले! काही फुगे फोडल्यावर बंदूक हातून निसटली. अखेर लाँग बीच येथे तो विजेच्या तारांत अडकला, वस्तीची वीज वीस मिनिटे गेली, आणि तो मात्र जिवंत खाली उतरला. सरकारने दंड केला.

वॉल्टर्सचा हिशेब चुकला, तो कोठे? बहुतेकांना वाटते की, फुगा काही उंचीवर जाऊन आपोआप थांबतो. बंद रबरी फुगा थांबत नाही. वर जावे तसा बाहेरचा दाब घटतो, फुगा ताणून मोठा होतो, आणि हवा विरळ झाली तरी त्याचे उचलण्याचे बळ जवळजवळ तेवढेच राहते. म्हणून एकदा वर निघालेला घोस रबर फुटेपर्यंत वरच जात राहतो. आणि काही फुटले की उरलेल्यांना ओझे पेलत नाही. मग उतरण सुरू होते, तीही थांबता थांबत नाही. वर जाण्यासाठी छाती लागते असा समज आहे. खरे तर वर जाण्यास काहीच लागत नाही. कौशल्य सगळे उतरण्यात आहे : कोणता फुगा केव्हा कापायचा, किती पाणी शेवटच्या क्षणासाठी राखून ठेवायचे, जमीन कोठे मोकळी आहे.

या बाबतीत दोन माणसे शेजारी ठेवून पाहावीत. आदेलिर आंतोनियो दे कार्ली हे ब्राझीलमधील पारानाग्वा येथील धर्मगुरू. ट्रकचालकांसाठी विसाव्याची जागा बांधावी म्हणून निधी उभारण्यासाठी ते २० एप्रिल २००८ रोजी एक हजार फुग्यांखाली उडाले. (फुगे अर्थातच वाढदिवसाच्या फुग्यांहून मोठे, आपल्या गणिताप्रमाणे एक हजार लहान फुग्यांनी आठवड्याचा बाजारही उचलला नसता.) हेतू इतका चांगला की त्यापुढे मान लवावी. पण हवा चांगली नव्हती आणि वाऱ्याने त्यांना जमिनीकडे नेण्याऐवजी समुद्रावर नेले. जवळ स्थान सांगणारे जीपीएस यंत्र होते. ते कसे चालवायचे, हे ते फोनवरून खालच्या लोकांना विचारीत होते. नंतर संपर्क तुटला. जुलैच्या आरंभी समुद्रात त्यांच्या शरीराचे अवशेष मिळाले.

दुसरा जोनाथन ट्रॅप, अमेरिकन. २८ मे २०१० रोजी त्याने फुग्यांच्या घोसाखाली इंग्लिश खाडी ओलांडली. हा परवानाधारक बलूनचालक. उड्डाणाची सूचना विमानतळांना देऊन, रेडिओ जवळ ठेवून उडणारा. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये तो सुमारे ३७० फुगे घेऊन अटलांटिक महासागर ओलांडण्यास निघाला. समुद्रात उतरावे लागले तर तरता यावे म्हणून बैठकीच्या जागी त्याने चक्क एक जीवरक्षक होडी टांगली होती. काही तासांतच फुग्यांवर हवा तसा ताबा राहात नाही हे त्याच्या ध्यानी आले, आणि महासागर पुढे पसरलेला असताना तो कॅनडातील न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्यावर उतरला. वृत्तपत्रांनी त्यास अपयश म्हटले. आम्ही मुलांना ट्रॅपची गोष्ट सांगतो ती याच उतरण्यासाठी.

भारतात असे घोस-उड्डाण करणारा कोणी आमच्या माहितीत नाही. बलूनच्या कसरती मात्र आपल्याकडे जुन्या आहेत. १८८९ मध्ये कोलकात्यात रामचंद्र चॅटर्जी हे बलूनमधून उडाले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. १८९२ मध्ये ढाक्यास जेनेट व्हॅन टॅसल या अमेरिकन स्त्रीने नवाबांच्या निमंत्रणावरून बलूनमधून छत्रीने उडी घेतली. छत्री झाडात अडकली, ती जिवंत होती, पण खाली उतरविण्यासाठी उभे केलेले बांबू मोडले आणि त्या पडण्याने ती मरण पावली. आकाशाने सोडले आणि झाडाने धरले, असा हा प्रकार.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले सर्वांत मोठे उड्डाण हेलियमचे नाही, तापविलेल्या हवेचे आहे. तत्त्व एकच : तापलेली हवा हलकी होते. फरक असा की बर्नर कमी-जास्त करून चालकाला चढ-उतार हाती ठेवता येतो. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया वयाच्या ६७ व्या वर्षी मुंबईहून निघाले आणि २१,०२७ मीटर उंची गाठून उतरले. एव्हरेस्टच्या दुपटीहून अधिक! पेर लिंडस्ट्रँड यांचा १९८८ सालचा सुमारे १९,८०० मीटरचा विक्रम त्यांनी मोडला. वीसएक मजली इमारतीएवढा तो फुगा इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झाला होता. त्या उंचीवर उघड्यावर माणसाचे रक्त तग धरीत नाही, म्हणून ते हवाबंद कुपीत बसले होते. आणि उतरले कोठे, तर नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील पांचाळे गावाच्या शिवारात. तापविलेल्या हवेच्या बलूनमधून जगात सर्वांत उंच गेलेला चालक आपल्या गावच्या रानात उतरला, हे भाग्य पांचाळेकरांचे. २६ नोव्हेंबर ही तारीख आपल्या वाचकांस निराळी सांगावयास नको. १९४९ मध्ये याच दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारले. देशभर अधिकृतपणे तो संविधान दिन म्हणून पाळणे सुरू झाले ते २०१५ पासून, त्यामुळे २००५ च्या बातम्यांत दोन्ही गोष्टी एकत्र आल्याचे आम्हांस आठवत नाही.

सिंघानियांच्या पाठीशी पैसा होता, परदेशी तंत्रज्ञ होते, आधीच्या चाचण्या होत्या. हे सांगण्यात त्यांच्या धाडसाचा उणेपणा नाही. १९८८ मध्ये त्यांनी लहानशा मायक्रोलाइट विमानातून लंडन ते दिल्ली एकट्याने प्रवास केलेला होता. पण मुलांसमोर विक्रम ठेवताना त्यामागची तयारी आणि खर्चही ठेवला पाहिजे, नाहीतर धाडस म्हणजे केवळ छातीठोकपणा असे त्यांच्या मनात बसते.

आपल्या खानदेशात असे उड्डाण करता येईल का, हा मुलांचा पुढचा प्रश्न. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत आकाशातून जाणारा इंद्र आणि अप्सरा आपण सहलीत दाखवितो. चित्रकाराने त्यांना पंख दिलेले नाहीत. गळ्यातील हार मागे उडालेले दाखवून वेग दाखविला आहे. वारा काय करतो, हे त्या कलावंताने नेमके पाहिले होते. आणि खानदेशात वारा आहेच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उगाच उभी नाही. ज्या पठारावर पवनचक्की चालते, तेथे फुग्यांच्या घोसाने जाणे म्हणजे पात्यांना आमंत्रण. तापीच्या खोऱ्यात एप्रिल-मे महिन्यांत जमीन इतकी तापते की दुपारी हवेचे लोट घारीला पंख न हलविता वर नेतात. फुगाही त्यात सापडला की तसाच जाईल. म्हणून बलूनवाले जगभर पहाटे उडतात. शिवाय भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रातून निघालेल्या उच्चदाबाच्या तारा साऱ्या खोऱ्यावर पसरल्या आहेत. वॉल्टर्स तारांतून वाचला. दर वेळी तसे होत नाही.

कायद्याचेही ऐकावे. २०२४ अखेरपर्यंत लागू असलेल्या १९३४ च्या विमान कायद्याने विमानाची जी व्याख्या केली होती तीत बांधलेले आणि मोकळे फुगेही येत असत, इतकेच नव्हे तर पतंगही! माणूस घेऊन उडणे तर परवानगीवाचून नाहीच. आकाश आपल्याला मोकळे दिसते, पण शिरपूरहून शिकाऊ वैमानिकांची विमाने रोज ये-जा करतात. १६ जुलै २०२१ रोजी त्यांपैकी एक विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ तरुणी जबर जखमी झाली. वाहन पोहोचेल असा रस्ता नव्हता. तेव्हा तेथील आदिवासी बांधव धावले आणि एका भगिनीच्या लुगड्याची झोळी करून त्या मुलीला चिखलातून वाहून नेले. उड्डाणाच्या इतिहासात वर जाणाऱ्यांची नावे लिहितात. झोळी धरणाऱ्यांचा उल्लेख स्मरणिकेसारख्या जागी तरी व्हावा, म्हणून येथे केला.

मुलांना उडता येणार नाही, हे ठरले. पण फुगे आपल्याकडे येतातच : यात्रेत, वाढदिवसाला, विद्यालयाच्या वर्धापनदिनी, आणि अलीकडे जयंतीच्या मिरवणुकीत निळे फुगे किंवा पंचशील ध्वजाच्या रंगांचे फुगे आकाशात सोडण्याची पद्धतही आली आहे. येथे आम्हांस पालकांशी स्पष्ट बोलायचे आहे. यात्रेतल्या ‘गॅसच्या फुग्यात’ बहुतेक वेळा हेलियम नसतो, हायड्रोजन असतो. उचलण्याच्या बळात दोघांत फारसा फरक नाही. हायड्रोजन जेमतेम आठ टक्के सरस. पण हेलियम जळत नाही आणि हायड्रोजन ठिणगीसरशी पेटतो. हिंडेनबर्ग हे जर्मन आकाशयान ६ मे १९३७ रोजी हायड्रोजनमुळेच अर्ध्या-पाऊण मिनिटात जळून खाक झाले आणि ३६ जीव गेले. फुगेवाला हा वायू विकत आणत नाही. जुन्यापुराण्या सिलिंडरमध्ये रसायने आणि धातूचे तुकडे घालून जागेवरच तयार करतो. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, दाब वाढतो, आणि सिलिंडर गंजलेला असतो. असे सिलिंडर फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येतच असतात. दगावणाऱ्यांत स्वतः फुगेवाला असतो, तोही पोटासाठी उभा राहिलेला गरीब माणूस. आणि भोवती कोंडाळे करून उभी असलेली लहान मुले असतात.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की फुगा घ्यायचाच तर मुलाला सिलिंडरपाशी पाठवू नये, स्वतः जाऊन आणावा. बंद खोलीत, समईजवळ वा मेणबत्तीजवळ असे फुगे बांधू नयेत. वंदनेच्या वेळी आपल्याकडे मेणबत्त्या लावलेल्या असतात, हे मंडप सजविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. मिरवणुकीत फटाके आणि गॅसचे फुगे एकाच वाहनावर नसावेत. वर्धापनदिनी फुगे सोडण्याची प्रथा आमच्या विद्यालयाने मागे घ्यावी, असा प्रस्ताव आम्ही शिक्षकसभेत मांडला आहे. त्यावर अजून निर्णय व्हायचा आहे.

उलट दिशेनेही फुगे आपल्याकडे येतात, त्याविषयी थोडे. हवामान खाते देशातील ठरावीक केंद्रांतून पहाटे आणि सायंकाळी फुगे सोडते; तीसएक किलोमीटर उंचीवर ते फुटतात आणि तापमान, आर्द्रता मोजणारी लहानशी पेटी खाली येते. हैदराबादच्या केंद्राचे मोठे फुगे वाऱ्याबरोबर मराठवाडा-विदर्भातील जिल्ह्यांपर्यंत येतात, आणि उपकरणे रंगीत छत्रीखाली शेतात उतरतात. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात अशीच एक मोठी कुपी शेतात उतरली. माणसांना फुग्याखालून आकाशसहलीस नेण्याची तयारी करणाऱ्या एका परदेशी कंपनीची ती निर्मनुष्य चाचणी होती. गावकऱ्यांची मात्र परग्रहावरून काही आले म्हणून तारांबळ उडाली. आपल्या कोणाच्या शेतात असे काही उतरले तर घाबरू नये आणि उघडूही नये. पेटीवर पत्ता लिहिलेला असतो. पोलीस पाटलांना किंवा जवळच्या ठाण्यात कळवावे. फाटलेले रबर, प्लास्टिक आणि दोर मात्र त्याच दिवशी बांधावरून गोळा करून घ्यावेत, कारण गुरे ते चाऱ्याबरोबर गिळतात.